तुला तर चॉइस होता ना?

"जन्मजात की निवडलेलं" हा प्रश्न माझ्यापर्यंत येताना जरा वाकडा होऊन येतो. माझ्या गे मित्राला लोक विचारतात, तू लहानपणापासूनच असा आहेस का रे, आणि तो हो म्हणाला की समोरचा बऱ्याचदा थोडा मऊ पडतो, जाऊ दे, त्याच्या हातात थोडंच होतं. मला मात्र विचारतात, तुला तर चॉइस होता ना? कारण मी बायसेक्शुअल आहे. मला पुरुष आवडलेत, बायकाही आवडल्यात, आणि आज ज्या माणसासोबत माझं घर आहे ती बाई आहे. म्हणजे लोकांच्या हिशोबाने माझ्यापुढे दोन रस्ते होते, त्यातला एक सरळ आणि सगळ्यांना चालणारा होता, आणि मी उगाचच दुसरा धरला.

हे विचारणारे सगळे वाईट असतात असं अजिबात नाही. माझ्या आईनेच विचारलं होतं, "अगं तुला मुलगेही आवडतात म्हणतेस ना, मग हे कशाला ओढवून घ्यायचं?" तिच्या बोलण्यात तिरस्कार नव्हता, पुढे मला काय काय सोसावं लागेल याची धास्ती होती. पण "आई, मी जन्मतःच अशी आहे" हे वाक्य, जे माझ्या कित्येक मित्रमैत्रिणींनी आपापल्या घरी वापरलं आणि ज्यामुळे त्यांची घरं तुटता तुटता वाचली, ते माझ्या प्रश्नाला पुरत नव्हतं. दोघंही आवडणं जन्मजात असेलही, पण हिच्यासोबत आयुष्य काढायचं हे तर मी ठरवलं, विचार करून आणि आनंदाने ठरवलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही, मिळेल ते वाचत गेले, आणि आता जे वाटतं ते एकदा सविस्तर लिहून काढावं म्हणून बसलेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

सायन्सपासून सुरू करते, कारण या वादात दोन्हीकडचे लोक सायन्सचं नाव घेतात आणि दोघंही आपल्या सोयीचं तेवढंच सांगतात. १९९१ मध्ये सायमन लव्हे नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने ४१ मृत व्यक्तींचे मेंदू तपासले आणि मेंदूच्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातला एक अगदी छोटा पेशीसमूह गे पुरुषांमध्ये सरासरीने लहान असल्याचं मांडलं. लव्हे स्वतः गे आहे. त्याने तेव्हा आणि नंतरही स्पष्ट सांगितलं की यातून समलैंगिकता जन्मजात आहे असं सिद्ध होत नाही, कारण हे मेंदू प्रौढ माणसांचे होते आणि हा फरक जन्मापासून होता की पुढे आयुष्यात पडला हे त्यावरून कळू शकत नाही. पण हे स्पष्टीकरण कोण वाचतो? दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, डीन हेमरच्या टीमने दोघंही गे असलेल्या सख्ख्या भावांच्या ४० जोड्या तपासल्या, त्यातल्या ३३ जोड्यांमध्ये एक्स गुणसूत्राच्या टोकाकडच्या एका भागातल्या खुणा सारख्या निघाल्या, आणि "गे जीन" सापडला म्हणून जगभर मथळे झाले. १९९९ मध्ये कॅनडातल्या दुसऱ्या टीमला गे भावांमध्ये तसं काहीच दिसलं नाही. तो मथळा कुणाच्या लक्षात नाही.

मग २०१९ मध्ये या विषयावरचा तोपर्यंतचा सगळ्यात मोठा जनुकीय अभ्यास आला, पावणेपाच लाखांहून जास्त लोकांचा. त्यात एक गे जीन नावाची गोष्टच नाही हे दिसलं. डीएनएवरच्या पाच जागा ठळकपणे सापडल्या, पण प्रत्येकीचा परिणाम अगदी बारीक, आणि असे हजारो छोटे छोटे फरक सगळे मिळून धरले तरी लोकांमधल्या वैविध्याचा ८ ते २५ टक्के भाग तेवढा समजावता येतो, आणि एखाद्या माणसाचा डीएनए बघून तो कोणावर प्रेम करेल हे सांगणं अशक्य. हा अभ्यास आला आणि लगेच काही लोक म्हणायला लागले, बघा, जनुकीय नाही म्हणजे चॉइसच आहे. हे मला फार खटकलं, कारण जीन्समध्ये नाही याचा अर्थ माणसाने ठरवून केलंय असा कसा होईल, मधे केवढी मोठी जागा शिल्लक राहते! आणि अजून एक गोष्ट, त्या अभ्यासात मुख्य प्रश्न होता की तुम्ही कधी स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीशी शरीरसंबंध ठेवला आहे का. म्हणजे मनात काय आहे ते बाजूलाच राहिलं, केलं काय तेवढं मोजलं. ज्या बाईने आयुष्यभर मनातलं मनातच ठेवलं ती त्या आकड्यांत कुठेच नाही.

जुळ्या भावंडांचे अभ्यास मला जास्त बोलके वाटतात. एकबीज जुळ्यांमध्ये जनुकं जवळजवळ सारखीच, बहुतेकदा घर एक, आईवडील एक. १९९१ च्या एका गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात, एक जुळा गे असेल तर दुसराही गे किंवा बायसेक्शुअल असण्याचं प्रमाण ५२ टक्के निघालं, पण त्यातली माणसं गे मासिकांत जाहिरात देऊन गोळा केलेली होती, म्हणजे ज्यांची दोन्ही भावंडं तशी आहेत ते जास्त उत्साहाने पुढे आले असणार. पुढे २००० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या नोंदवहीतून माणसं घेतली तर हेच प्रमाण पुरुषांत २० आणि बायकांत २४ टक्क्यांवर आलं. सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा हे खूप जास्त आहे, म्हणजे जन्मजात काहीतरी असावं. पण शंभरच्या आसपासही नाही, म्हणजे फक्त जनुकं नाहीत.

आणि मग मोठ्या भावांची गोष्ट, जी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खरीच वाटेना. रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की एखाद्या मुलाला एकाच आईच्या पोटचे जितके मोठे भाऊ जास्त तितकी तो गे असण्याची शक्यता वाढत जाते, दर भावामागे साधारण एक तृतीयांशाने. त्यांच्या अभ्यासात मोठ्या बहिणींनी फरक पडला नाही. सावत्र किंवा दत्तक भावांसोबत वाढल्याने पडत नाही, आणि सख्खे भाऊ दुसऱ्या घरी वाढले तरी परिणाम दिसतोच. म्हणजे घरातल्या वातावरणाचा हा भाग नाहीच, जे काही होतंय ते गर्भाशयात होत असावं. २०१८ मध्ये गे मुलग्यांच्या आयांच्या रक्तात, फक्त मुलग्यांत असणाऱ्या वाय गुणसूत्रावरून बनणाऱ्या एका प्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडीज जास्त आढळल्या, त्यामुळे आईच्या प्रतिकारशक्तीला दर मुलग्याच्या गर्भारपणात त्या प्रोटीनची ओळख होत जाते आणि त्याचा परिणाम पुढच्या मुलग्यावर होत असावा, असा अंदाज मांडला गेला. मुळात शक्यता छोटी असल्यामुळे चार मोठे भाऊ असलेला मुलगाही बहुतेक वेळा स्ट्रेटच असतो, हेही सांगायला हवं. आणि हे सगळं पुरुषांबद्दल. बायकांच्या ओढीचा अभ्यास मुळातच कमी झालाय, आणि बायसेक्शुअल बायकांना तर कित्येक अभ्यासांत लेस्बियन गटात टाकून दिलंय नाहीतर गोंधळ नको म्हणून वगळलंय. हे वाचताना मला दर वेळी राग येतो.

वाढवण्यामुळे होतं म्हणणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगते. काही मुलगे जन्मतः लिंगाची नीट वाढ न झालेले जन्माला आले, किंवा अगदी तान्हे असताना अपघाताने लिंग गमावलं, आणि त्या काळच्या डॉक्टरांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया करून त्यांना मुलगी म्हणून वाढवायला सांगितलं. नाव मुलीचं, कपडे मुलीचे, आईवडिलांची सगळी मेहनत त्यात. असं करणं फार क्रूर होतं. पण त्यातल्या ज्या मोजक्या लोकांचा पुढे अभ्यास झाला त्यांची ओढ मोठेपणी मुख्यतः बायकांकडेच होती. माणसाला पहिल्या दिवसापासून घडवायचं ठरवूनही जर ओढ घडवता आली नाही, तर एखाद्या कार्टूनमुळे, मित्रामुळे, हॉस्टेलमुळे ती फिरते असं मानायला काय आधार राहतो?

तर एवढं वाचून माझं मत असं झालंय की बऱ्याच लोकांच्या बाबतीत पाया जन्माआधीच पडतो, त्यावर पुढे काय काय चढतं त्यातलं बरंचसं अजून कुणालाच उलगडलेलं नाही, आणि कितीही शोधलं तरी "मी ठरवलं की मला आता अमुक आवडेल" असा क्षण कुणाच्या आयुष्यात सापडत नाही. माझ्या तर नाहीच सापडला. आणि स्ट्रेट लोकांच्याही नाही सापडणार, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

इथे लोक घाईघाईत दोनच खाने करतात, जन्मजात किंवा निवड. मातृभाषेचं काय मग? मराठी घेऊन कुणी जन्माला येत नाही, पहिल्या काही वर्षांत कानावर पडत पडत ती आत जाते, आणि तरी ती कुणी निवडलेलीही नसते, आणि मोठेपणी कितीही ठरवलं तरी ठेच लागली की तोंडातून तीच निघते. ओढीचंही तसंच काही असू शकतं, काही आधी, काही नंतर, आणि कशातच आपलं मत विचारलेलं नाही. त्यामुळे उद्या एखाद्या अभ्यासात निघालं की यात जन्मानंतरच्या गोष्टींचाही मोठा वाटा आहे, तरी मला धक्का बसणार नाही आणि माझ्या आयुष्याचा पायाही हलणार नाही.

माझ्यासाठी सगळ्यात ओळखीचं काम लिसा डायमंड या मानसशास्त्रज्ञ बाईंचं. त्यांनी शंभराच्या आत-बाहेर तरुण बायका घेतल्या, ज्या स्वतःला पूर्ण स्ट्रेट म्हणवत नव्हत्या, आणि दहा वर्षं त्यांच्याशी पुन्हा पुन्हा बोलत राहिल्या. दहा वर्षांत साधारण दोन तृतीयांश बायकांनी स्वतःला दिलेलं लेबल निदान एकदा तरी बदललं होतं. लेस्बियनची बायसेक्शुअल, बायसेक्शुअलची "मला काही नाव नको", असं. हे काम बाहेर आल्यावर कन्व्हर्जन थेरपीवाल्यांनी, म्हणजे "उपचार" करून ओढ बदलून देतो म्हणणाऱ्यांनी, लगेच उचललं, बघा बदलतं म्हणजे बदलवता येतं, आणि डायमंड बाईंना जाहीरपणे सांगावं लागलं की माझ्या संशोधनाचा हा अर्थ नाही. त्या बायकांमध्ये जे बदललं ते त्यांनी ठरवून बदललं नव्हतं. एखादी अचानक प्रेमात पडली, एखादीला कळायला वेळ लागला. आपोआप सरकणं वेगळं आणि बाहेरून कुणी ढकलणं वेगळं, आणि हा फरक मी स्वतः जगलेय. माझ्या विशीत मला वाटायचं की मुलगी आवडली हा एक अपवाद होता, पुढे अनेक वर्षं फक्त पुरुषच आवडले, आणि मग ही भेटली. यातलं एकही वळण मी घेतलेलं नाही. वळण आल्यावर गाडी कुठे उभी करायची ते मात्र मी ठरवलं.

आता त्या ठरवण्याबद्दल. २०१२ मध्ये अमेरिकन अभिनेत्री सिंथिया निक्सन एका मुलाखतीत म्हणाल्या की माझ्यासाठी गे असणं ही निवड आहे. आधी त्या अनेक वर्षं एका पुरुषासोबत होत्या, त्यांना मुलंही झाली, आणि मग एका बाईसोबत संसार. यावर गदारोळ झाला, आणि सगळ्यात जास्त चिडले ते आपलेच लोक, कारण विरोधकांच्या हातात आयतं कोलीत मिळालं म्हणून. शेवटी त्यांना खुलासा द्यावा लागला की बायसेक्शुअल असणं ही निवड नाही, पण गे नात्यात राहणं ही माझी निवड आहे. मी ते वाचत होते आणि वाटत होतं, ही बाई माझंच बोलतेय, आणि हिला गप्प बसवणारे माझेच दोस्त आहेत. त्यांची भीती मला कळते, खरंच कळते, ज्यांनी मार खाल्लाय त्यांना एकच ढाल सापडली असेल तर ती ते घट्ट धरणारच. पण त्या ढालीमागे माझ्यासारख्यांना जागा नाही. "आम्ही काय करू, आमचा इलाज नाही" हा बचाव असेल तर जिच्याकडे दुसरा रस्ता होता तिचा बचाव काय?

हे नुसतं मनाला लागण्यापुरतं नाही, कायद्यातही येतं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने देशभर समलिंगी लग्नाला मान्यता दिली, तो निकाल न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिला, आणि त्यात एक वाक्य आहे की या लोकांचा स्वभावच न बदलणारा असल्याने अशा बांधिलकीसाठी समलिंगी लग्न हाच त्यांच्यापुढचा एकमेव खरा मार्ग आहे. निकाल मोठाच आहे, त्या दिवशी मीही रडले होते. पण ते वाक्य नंतर शांतपणे वाचलं तेव्हा वाटलं, माझा तर हा एकमेव मार्ग नव्हता, मग माझं लग्न कुठल्या वाक्यावर उभं करणार? आपल्याकडच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात, ज्याने संमतीने होणाऱ्या प्रौढांच्या संबंधांपुरतं कलम ३७७ रद्द केलं, कल नैसर्गिक असल्याची चर्चा आहे, पण पायात समानता आहे, खासगीपण आहे, माणसाची प्रतिष्ठा आहे, आणि आपला जोडीदार आपण निवडण्याचं स्वातंत्र्यही आहे. तिथे मला उभं राहायला जागा मिळते.

आणि तसं बघितलं तर न बदलणारं ते जपायचं आणि निवडलेलं ते वाऱ्यावर सोडायचं असा नियम आपण इतर कुठे लावतो? धर्म बदलता येतो, लोक बदलतात, तरीही धर्मस्वातंत्र्य जवळजवळ प्रत्येक राज्यघटनेत आहे. एखाद्याने धर्म बदलला म्हणून त्याला मारलं तर "त्याला चॉइस होता ना" असं कोणी समंजस माणूस म्हणत नाही. राजकीय मत निवडलेलं असतं. आंतरजातीय लग्न निवडलेलं असतं, आणि ते निवडलेलं असतं म्हणूनच त्याच्या बाजूने आपण एवढे भांडतो. उलटपक्षी कातडीचा रंग काय निवडलेला होता? त्याने कुणाला वाचवलं?

हा विचार काही आत्ताचा नाही, आणि हे कळलं तेव्हा मला फार बळ मिळालं. १८६७ मध्ये कार्ल हाइनरिश उलरिक्स नावाचा जर्मन वकील म्युनिकमध्ये वकिलांच्या परिषदेत उभा राहिला आणि पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांवरचे कायदे रद्द करा असं सगळ्यांसमोर बोलायला लागला. आरडाओरडा करून त्याला खाली बसवलं गेलं. त्याचं म्हणणं होतं की हे जन्मजात आहे, म्हणून शिक्षा अन्यायाची. त्याच सुमाराला त्याच्याशी पत्रव्यवहार करणारा हंगेरियन लेखक कार्ल मारिया केर्टबेनी, होमोसेक्शुअल हा शब्द ज्याच्या लेखणीतून पहिल्यांदा आला तो, याला मात्र हे पटत नव्हतं. जन्मजातपणा सिद्ध करत बसणं हे दुधारी शस्त्र आहे, असं त्याचं मत. निसर्गाचं हे कोडं असेल रंजक, पण कायद्याने बघायचं ते एवढंच की यातून कुणाच्या हक्कावर गदा येते का, नसेल तर सरकारचा काय संबंध. दीडशे वर्षांपूर्वी हे इतकं स्वच्छ लिहिणारा माणूस होता.

आणि शस्त्र दुधारी निघालंच. मॅग्नस हिर्शफेल्डने १८९७ पासून बर्लिनमध्ये जन्मजात असण्याच्याच मुद्द्यावर, पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जर्मनीच्या कलम १७५ विरुद्ध मोहीम चालवली, संस्था काढली, हजारो लोकांना आधार दिला, त्याच्याबद्दल मला प्रचंड आदर आहे. १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी ती संस्था लुटली आणि तिथली पुस्तकं जाळली. पुढे साधारण ५० हजार पुरुषांना त्या कलमाखाली शिक्षा झाल्या, हजारो छळछावण्यांत गेले. आणि १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छावणीत कार्ल व्हॅर्नेट नावाच्या डॅनिश डॉक्टरने गे कैद्यांच्या शरीरात हार्मोन्सच्या कॅप्सूल बसवून "उपचाराचे" प्रयोग केले. म्हणजे हे शरीरातच आहे हे त्याला मान्य होतं! मान्य होतं म्हणून तर त्याने शरीरात सुई खुपसली. युद्ध संपल्यावरही हा विचार संपला नाही, १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये गणितज्ञ अॅलन ट्युरिंगला पुरुषाशी संबंध ठेवल्याच्या गुन्ह्यासाठी जेलऐवजी वर्षभर इस्ट्रोजेन घ्यायला लावलं. ज्यांना आपण नकोच आहोत त्यांना कारण सांगून उपयोग नसतो, जन्मजात म्हटलं तर ते आजार म्हणतात, निवड म्हटलं तर पाप. म्हणून मला आधी कारणाची पावती आणा, मग माणूस म्हणून वागवू, ही अटच मान्य नाही.

पण बदलता येतं का, हा प्रश्न मात्र वेगळा काढायला हवा, कारण "चॉइस आहे का" विचारणाऱ्यांना बऱ्याचदा खरं हेच विचारायचं असतं. याचं उत्तर त्यातल्यात्यात स्पष्ट आहे. रॉबर्ट स्पिट्झर हे मोठे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ, १९७३ मध्ये त्यांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं त्यात त्यांचा मोठा हात होता. याच स्पिट्झरनी पुढे २०० लोकांच्या फोनवर मुलाखती घेतल्या आणि २००३ मध्ये लिहिलं की खूप इच्छा असलेल्या काहींचा कल थेरपीने बदललेला दिसतो. जगभर कन्व्हर्जन थेरपीवाल्यांनी तो पेपर मिरवला. २०१२ मध्ये, ऐंशीला टेकलेले असताना, त्यांनी लेखी माफी मागितली, ते लोक खरं सांगतायत की स्वतःचीच समजूत काढतायत हे तपासायचा माझ्याकडे काहीच मार्ग नव्हता असं सांगितलं, आणि त्या पेपरच्या भरवशावर ज्यांनी आपली वर्षं घालवली त्यांची वेगळी माफी मागितली. त्याच वर्षी एक्झोडस इंटरनॅशनल या सगळ्यात मोठ्या "गे पासून मुक्ती"वाल्या संस्थेचे प्रमुख अॅलन चेंबर्स म्हणाले की मला भेटलेल्यांपैकी ९९.९ टक्के लोकांची ओढ बदललेली नाही. पुढच्या वर्षी संस्थाच बंद झाली. १९७६ पासून चाललेली. त्या सगळ्या वर्षांत तिथे येऊन गेलेल्या मुलामुलींचा विचार केला की पोटात कालवतं, ज्यांना वाटत राहिलं की आपली श्रद्धा कमी पडतेय, आपणच प्रयत्न कमी करतोय.

मग जन्मजात की नाही याने काहीच फरक पडत नाही का? एका ठिकाणी पडतो, आणि तो मला छोटा वाटत नाही. आईवडिलांना पडतो. विसाव्या शतकात मानसोपचाराच्या नावाखाली आयांना जेवढं छळलं गेलं त्याला तोड नाही, १९६२ मध्ये अर्व्हिंग बीबर नावाच्या मनोविश्लेषकाने तर मांडलंच होतं की आई मुलाला फार चिकटून असली आणि बाप लांब राहिला की मुलगा असा होतो. हे खोटं ठरून जमाना झाला पण अजून ते घराघरांत शिल्लक आहे. माझ्या आईच्या त्या प्रश्नाखाली दुसरा एक प्रश्न होता, तो ती कित्येक दिवसांनी बोलली, की माझं काही चुकलं का गं, मी तुला फार मोकळं सोडलं का, की फार धाकात ठेवलं. अशा वेळी "कारण कशाला शोधायचं" हे माझं तत्त्वज्ञान तिला काय कामाचं? तिला मी मोठ्या भावांचं सांगितलं, जुळ्यांचं सांगितलं, त्या मुलगी म्हणून वाढवलेल्या मुलांचं सांगितलं. तू काही केलं नाहीस, करू शकलीच नसतीस, असं तिला सांगता आलं ते त्या संशोधनामुळेच. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी बघितलाय, त्यामुळे हे संशोधन बिनकामाचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. आणि मग मी तिला दुसरंही सांगितलं, की आई, मला पुरुष आवडतात हे खरं आहे, मी एखाद्यासोबत राहू शकले असते हेही खरं आहे, आणि तरी मी हिला निवडलंय, कारण हीच आवडते. हे पचायला तिला जास्त वेळ लागला. पण नाइलाज म्हणून माझ्या जोडीदाराला तिने घरात घ्यावं हे मला नको होतं. जिला माझ्या लेकीने पसंत केलंय अशी बाई म्हणून घ्यावं असं वाटत होतं, आणि आता ती तसंच घेते.

दया आणि आदर यातला फरक मला त्या दिवसांत कळला. "बिचाऱ्यांचा काय दोष" म्हणणारा माणूस मनातल्या मनात धरूनच चाललेला असतो की दोष आहे, फक्त मालक दुसरा आहे. मला माझ्या प्रेमाबद्दल निर्दोष सुटका नकोय. त्यात गुन्हाच नाही, दोन प्रौढ माणसं एकमेकींना हवी आहेत, कुणाला फसवलेलं नाही, कुणावर जबरदस्ती नाही, अजून काय बघायचं असतं?

आणखी एक गोष्ट जी मला अलीकडे जास्त जाणवते. "जन्मापासूनच" या एका गोष्टीचा एवढा गजर झालाय की नवीन मुलंमुली स्वतःच्या लहानपणात पुरावे शोधत बसतात. कुठल्या बाईंचा तास आवडायचा, कुठल्या नटीचा फोटो वहीत होता, भातुकलीत मी बाबा व्हायचे का. सापडलं तर हायसं वाटतं, नाही सापडलं तर मी खरी आहे की नाही याची शंका. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने मला लिहिलंय, तिचं कॉलेज संपत आलंय, आत्तापर्यंत मुलगेच आवडले, आणि आता वर्गातली एक मैत्रीण डोक्यातून जात नाही. तिने विचारलंय की ताई, लहानपणी मला असं काहीच वाटलं नव्हतं, मग हे खरं धरायचं का, की मी ट्रेंडमुळे असं करतेय?

तिला उत्तर लिहायचं राहिलंय, तर ते इथेच लिहिते, अजून कुणाला उपयोगी पडलं तर पडो. खरं धर. लहानपणीचा दाखला कुणी मागितला तर देऊ नकोस, कारण तुझ्या वर्गातल्या ज्या मुलीला मुलगा आवडतो तिच्याकडे कुणी मागितलेला नाही. उद्या हे राहिलं नाही, परत मुलगाच आवडला, तरी आजचं खोटं ठरत नाही. लेबल आत्ता लावायची घाई नाही, कुणाला सांगायचीही नाही, आणि जिथे सांगितल्यावर मारहाण होईल किंवा शिक्षण बंद होईल असं वाटतं तिथे तर स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत अजिबात सांगू नकोस, त्यात खोटेपणा नाही. कोणी डॉक्टरकडे "बरं करायला" नेतो म्हणालं तर लगेच मला फोन कर, आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, तो कागद मी तुला पाठवते. आणि हे असं का झालं याच्या मागे तू इतकी लागली आहेस की चार पानी पत्रात त्या मुलीचं नावसुद्धा लिहिलेलं नाहीस. कोण आहे ती? काय बोलता तुम्ही? तिला तू आवडतेस का?